निळी छत्री आमच्याकडे चहाला आली

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही असं आईने बजावलंय, पण तुम्ही काही आमच्या नात्यातले नाही, म्हणून तुम्हाला सांगते... आई ब्लॉग लिहिते. आमच्याच घरावर. आणि वाचणाऱ्या बायकांचा सगळा जीव कुणावर? तर बाबांवर! कारण ब्लॉगमधले बाबा रोज सकाळी आईच्या आधी उठून चहा करतात, आणि आमचे बाबा पांघरुणातूनच विचारतात, चहा झाला का.

त्या बायकांतली एक नाव लावते 'निळी छत्री'. आईने पडदे बदलले असं लिहिलं, की हिचा प्रश्न, जुन्यांचं काय केलंत? इतक्या बारकाईने मी धड्याखालचे प्रश्नही वाचत नाही हो. मला तेव्हाच संशय आला होता. आणि परवा तिने कळवलं, तुमच्या बाजूला काम आहे, साहेबांच्या हातचा चहा घेऊनच जाईन.

आई पांढरीफटक. खोटं उघडं पडलं तर ती पुन्हा एक ओळ लिहिणार नाही, हे मला ठाऊक होतं. ती बाबांना म्हणाली, "अहो, आजच्या दिवस ब्लॉगमधल्या तुमच्यासारखे वागा." बाबांना वाटलं, ते तसेच वागतात.

बाई आली ती बसलीच नाही. आधी कपाटाचं दार उघडून बघितलं, आईने लिहिलंय तसं कुरकुरतंय का खरंच. पाहुणी कसली, पंचनामाच तो! मला तेव्हाच संशय आला, ही खात्री करायला आलीय. इकडे बाबा स्वयंपाकघरात डबे उघडतायत... डाळ, तांदूळ, परत डाळ... मी दारातून डोळ्यांनी खुणावलं, तर त्यांना वाटलं डोळ्यात काही गेलंय, फुंकर घालायला आले. डब्यांचा आवाज दबावा म्हणून आई बाहेर मोठमोठ्याने बोलतेय, आणि तेवढ्यात ती बाई आमच्या मागे येऊन उभी!

"साखर वरच्या फळीवर," ती शांतपणे म्हणाली, "पिवळ्या झाकणाची बरणी. ताईंनी लिहिलं होतं ना."

आता आमच्या घरात साखर कुठे असते हे तिला माहीत आणि बाबांना नाही! शेवटी चहा तिनेच केला. आईची मान खालीच. निघताना बाई दारात थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, लिहिणं सोडू नका हं. आमचे हेही वाचतात. परवा स्वतःहून कप विसळला."

संध्याकाळी आईने नवा लेख लिहिला, त्यात चहा अर्थातच बाबांचा. बाबांनी तो दोनदा वाचला आणि मला विचारलं, चहा बरा झाला होता ना गं? म्हणजे आता त्यांनाही खरं वाटायला लागलंय. मला तेव्हाच संशय आला, हे लोण माझ्यापर्यंत येणार. कारण ब्लॉगमधली मी कशी माहितेय? धीट, बडबडी, पाहुण्यांसमोर गाणी म्हणणारी, आणि आईच्या पहिल्या हाकेला धावत... आले गं आई, आले! बघा, आता पहिल्याच हाकेला जाणं आलं, नाहीतर ती निळी छत्री उद्या विचारेल की मुलगी अशी का...