दादाजींच्या फाइलमधला मेमो

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या हॉस्पिटलचे संचालक डॉ. गोपाळराव ठवकर सर, मंचावरच्या मेट्रन प्रेमलता मॅडम, सत्कारमूर्ती दादाजी बोरकर, आणि ड्यूटी अ‍ॅडजस्ट करून आलेले माझे सगळे सहकारी, नमस्कार.

मी डॉ. भूमिका, इथली आरएमओ. शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत भाषण म्हटलं की माझे तळहात ओले होतात. मला सांगितलंय, दोन मिनिटं दादाजींच्या वक्तशीरपणावर बोल. बोलते.

एकोणतीस वर्षं अ‍ॅडमिशन काउंटरवर बसलेल्या या माणसामुळे एकदाच उशीर झाला. तो दिवस इथे सगळ्यांना माहीत आहे. कँटीनमध्ये बोलतो आपण त्यावर, मग स्टेजवर काय हरकत आहे?

मागच्या ऑगस्टची गोष्ट. कामठीच्या रुखमाबाई गर्भपिशवी काढायला भरती होत होत्या. पोटात दुखतं, सोनोग्राफीत गाठ दिसली, विषय संपला. संमतीचा फॉर्म मीच भरला होता, इंग्रजीत. सही करायला त्यांचा जावई सुशील काउंटरवर उभा. दादाजींनी त्याला पेन दिलाच नाही. मागे बाकावर पदर घेऊन बसलेल्या बाईंना विचारलं, "बाई, कशाचं ऑपरेशन हाय तुमचं?"

"जावयाले माहीत हाय."

"मंग पिशवी का जावयाची काढून राहिले?"

अख्खी लाइन हसली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कोनती पिशवी?"

मी वरून, ओटीतून फोनवर ओरडत होते, "दादाजी, पेशंट पाठवा, सर्जन हात धुऊन उभे आहेत." तिकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही खाली या. बाईले काहीच सांगितलं नाही कोणी."

मी तणतणत खाली आले. तोवर दादाजींनी सुशीलला चहाच्या टपरीवर पिटाळलं होतं. आणि मग बाई बोलल्या. "जावयापुढं कसं सांगू वं पोरी? इथून चमक निघते," कमरेवर हात ठेवून, "आन् खाली उतरते. लघवीतून रक्त जाते."

ओपीडीत त्यांच्या वतीने सुशील बोलला होता. त्यालाही सासूचं असलं काही सांगायची लाज. पोट दुखते, रक्त जाते, एवढंच बोलला बिचारा, आणि आम्ही ते अंगावरून जातंय असं धरलं. त्याचा काय दोष? बाई समोर बसल्या होत्या. आम्ही तीन डॉक्टर होतो, मी धरून. एकानेही मान वळवून त्यांना विचारलं नाही.

सीटी स्कॅन केला. मूत्रनळीत अडकलेला खडा. गाठ होती, पण लहान, काही त्रास न देणारी. खडा निघाला, बाई चौथ्या दिवशी घरी गेल्या. पिशवी आहे तिथे आहे.

दादाजींना काय मिळालं? मेमो. "ओटीचे काम पाऊण तास अडवले." कुणाच्या रिपोर्टवरून? माझ्या. सगळं कळल्यानंतरही, का अडवलं ते गाळून लिहिलाय मी तो, कारण वरून मागितला होता आणि मी घाबरले. तेव्हापासून काउंटरला ऑर्डर आहे: सही घ्या, प्रश्न विचारू नका. का? पेशंटला समजत नाही म्हणे. अहो, सांगितल्याशिवाय कुणाला समजतं? मला माझ्या मोबाइलचा प्लॅन समजत नाही, पण कंपनीचा माणूस मला दहा वेळा समजावतो.

मेमो मागे घ्या म्हणून दादाजींनी तीन अर्ज केले. उत्तर नाही. परवा मला म्हणाले, "बाकी काही नाही मॅडम, पर त्या कागदावर लिहून हाय का मी काम अडवलं. मी काम अडवनारा मानूस हावो का?"

सर, शाल-नारळाशेजारी मी एक कागद ठेवलाय. त्यात दोनच गोष्टी आहेत. माझा रिपोर्ट खोटा होता, आणि मेमो रद्द करण्यात येत आहे. खाली माझी सही आहे, तुमची जागा रिकामी आहे. मराठीतच लिहिलंय. सहा वाजता दादाजींची नोकरी संपते, आणि आता सहाला दहा मिनिटं कमी आहेत. शाल त्यानंतरही देता येईल.

मला माइक दिलात, त्याबद्दल आयोजकांचे मनापासून आभार. माझ्या मराठीत चुका झाल्या असतील, त्या पोटात घाला. बाकी जे बोलले ते पूर्ण शुद्धीत बोलले. सर, तुम्ही सावकाश वाचा. सही करायची नसेल, तर तेही इथेच, सगळ्यांसमोर सांगा. तोवर मी खाली बसत नाही.