निळ्या पत्र्यांचा हट्ट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आमचे साहेब, सत्कारमूर्ती मामा, मामी आणि समोर बसलेल्या बंधुभगिनींनो,

आपण बसलात ते व्यासपीठ मी बांधलं. आपल्या संस्थेच्या दर्शनी दालनाचा उतार, जुना संगणक वाहून नेणारी गाडी, तिच्या चाकांखालच्या पाचरी, इतकंच काय, मामांच्या हातातली आजची काठीही माझ्याच हातची. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. पण यात एक सूत इकडचं तिकडे झालेलं कुणी दाखवावं.

मामांबद्दल चार गोड शब्द बोला, असं मला सांगितलंय. बोलतो की. वायरमन म्हणून लागलेला हा माणूस त्या कपाटाएवढ्या संगणकाच्या इतका नादी लागला, की मामी म्हणायच्या, "सवत परवडली, ती जेवायला तरी घरी पाठवेल."

मग यंत्र जुनं झालं आणि ते कपाट लोकांना बघायला म्हणून दर्शनी दालनात न्यायचं ठरलं. वजन सहाशे किलो. त्याचे बाजूचे निळे पत्रे नुसते आकड्यांवर टांगलेले असतात. म्हणून हलवण्याआधी ते उतरवायचे आणि धरायचं आतल्या लोखंडी चौकटीला. मागे एकदा पत्रा हातात येऊन आम्ही दोघे थोडक्यात वाचलो होतो. हे मी सांगितलं, मामांनीही सांगितलं. पण फोटोत यंत्र उघडंवाघडं दिसेल म्हणून साहेबांनी पत्रे काढू दिले नाहीत. माणसं महत्त्वाची की फोटो?

उतारावर साहेबांनीही हौसेनं हात लावला. पत्रा निघून त्यांच्या हातात आला आणि कपाट त्यांच्याच अंगावर कललं. मामांनी खांद्यानं साहेबांना बाजूला ढकललं, चौकट मात्र सोडली नाही. त्यांचा पाय कपाटाखाली गेला.

साहेबांचा पहिला प्रश्न, यंत्राला काही झालं का?

मामा खालून म्हणाले, "यंत्र ठीक आहे साहेब. माझ्या पायावर मऊ पडलंय."

आणि चौकशीत काय ठरतंय? वायरमनचा निष्काळजीपणा. म्हणजे भरपाई नाही, वेळेआधी घरी, वर हा हार. याला निरोप म्हणायचं का?

असो. मला इथं उभं केलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. माणूस कारागीर आहे, जिभेला पॉलिश कमी; कुठे खरखरीत लागलं असेल तर सांभाळून घ्या.

जाता जाता एकच. परवा साहेबांनी मला दालनाच्या देखभालीचं कंत्राट देऊ केलं. बदल्यात मामांचा हात सुटला, एवढंच चौकशीच्या साक्षीत लिहून द्यायचं होतं. मी नाही म्हणालो. वर्षाचे दोन लाख चाळीस हजार होते.