बाबांचं मिशन

राम घाटावर वडिलांच्या पिंडदानासाठी मी गुरुजींची वाट पाहत होते. शेजारी एक मुलगी आपल्या बाबांवर चिडली होती.

“बाबा, ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम माझा, त्याच्या चर्चेचा फोरम माझा. तुम्ही तिथे मिशन सुचवायला कशाला आलात?”

“अकाउंट तूच उघडून दिलंस नं, निहू.”

“वाचायला! मी तीन किल्ल्यांच्या वेढ्याचं मिशन रचलं, आणि लाइक्स सगळे तुम्हाला. तुमच्या मिशनमध्ये तर लढाईच नाही!”

“पूर येण्याआधी सैन्याने गाव हलवायचं. लोकांना पसंत पडलं, मी काय करू?”

“जळते मी तुमच्यावर. खरंच.”

“मग काढून टाकतो.”

“खबरदार! तुम्हाला हरवूनच दाखवीन. दिवाळीत नवं मिशन टाका, मीपण टाकते.”

“मंजूर.”

गुरुजी आले, त्यांनी वडिलांचं नाव विचारलं. माझी नजर त्या मुलीवरून हटेना. त्यांना पुन्हा विचारावं लागलं.