बाईंनी शिकवलेलं गप्प बसणं

सन्माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरील संस्थेचे पदाधिकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या बाई, वस्तीतून हातातलं काम टाकून आलेल्या मावश्या आणि काका, आणि माझ्या वर्गमित्रांनो,

समाजसंघटन आणि विकास हा आमचा विषय. ‘म्हणजे नेमकं काय शिकता गं?’ असं माझी आत्या अजून विचारते. मी सांगते, बैठक घ्यायला. ती म्हणते, ‘त्याला कॉलेज कशाला? आपल्या घरी रोज भरते की!’

पण बाईंच्या बैठकीची तऱ्हा वेगळी. सतरंज्या आपण घालायच्या, बसायचं मात्र दाराशी. आणि आधी बोलायचं नाही. ज्यांच्या घरात पाणी येत नाही ते बोलतील. तोवर कितीही अवघडलात तरी गप्प बसा. पहिल्या वर्षी वस्तीतल्या नळाच्या बैठकीत मी मध्येच तोंड घातलं, तर बाईंनी कोपराने असं ढोसलं! हसू नका, चांगलंच लागलं होतं. मग या पुढे बसलेल्या मावशी बोलल्या. त्यांनीच लावून धरलं, आणि नळ आला.

पुढे आमचा विभागच बंद करायचं ठरू लागलं. प्राचार्य महोदयांनी आम्हाला याच सभागृहात बोलावून विचारलं, ‘कुणाला काही म्हणायचंय?’ आम्ही सगळे सवयीने दाराशी बसलेलो. ज्यांचं नुकसान होणार ते बोलतील, म्हणून एकमेकांकडे बघत राहिलो. बाई थांबल्या, मुलं बोलतील म्हणून. नुकसान आमचंच होणार होतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही! ‘हरकत नाही असं समजतो,’ म्हणून महोदय उठले. त्यांना तरी काय बोल लावणार?

जिन्यात बाई म्हणाल्या, ‘अगं, जरा जास्तच चांगलं शिकवलं मी तुम्हाला.’ हसल्या, आणि कठडा धरून पायरीवर बसल्या. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नंतर आम्ही खूप बोललो, अर्ज केले, हातापाया पडलो. पण निर्णय झालेला होता; विभागाबरोबर बाईंची नोकरीही गेली.

मघापासून सगळे म्हणताहेत, बाईंना आता विश्रांती मिळेल. कुणी मागितली होती विश्रांती? बाई, तुम्ही आम्हाला हव्या होतात. मला अजूनही हव्या आहात.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे मनापासून आभार. काही अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला. आणि निरोपाची भेट बाईंच्या हातात द्यायला माझं नाव लिहिलंय, ते काम कृपा करून दुसऱ्या कुणाला सांगा. माझ्याच्याने होणार नाही.