अपेक्षाचा वर्ग

पोराचं नाव पहिलीत घालायला जीनत एकशिक्षकी शाळेच्या व्हरांड्यात थांबली होती. समोर भामाबाईनं गुरुजींना गाठलं होतं.

"आवं गुरुजी, नातीला तिसरीतनं थेट पाचवीत घाला की."

"आजी, असं करता येत नाही."

"एकाच खोलीत चार वर्ग बसिवता. चौथीचं ऐकूनच समदं पाठ झालंय तिला."

"हुशार आहेच. चौथीची गणितंसुद्धा अपेक्षाच तपासते."

"मग आडलंय कुठं?"

"पाचवीसाठी तिला वडूजला पाठवावं लागंल."

"पाठवू की!"

"आणि मी मीटिंगला गेल्यावर शिकवायचं कुणी?"

तेवढ्यात खोलीतनं अपेक्षाचा करडा आवाज आला, "आजी, गुरुजी, हळू बोला! तास चाललाय."

दोघंही पाय न वाजवता बाजूला सरकली. जीनतनं पटकन मोबाइल बंद केला.