मारुतीला एकच अटेम्प्ट होता

जयवंत सर : वेटलिफ्टरची कंबर कधीच दुखत नसते, संघमित्रा. दुखते ती बाकीच्या जगाची.

संघमित्रा : मग तुम्ही चहा उभ्याने का पिताय, सर?

जयवंत सर : मला तसा आवडतो.

मयूर : मी व्यायामशाळेत आलो तेव्हापासून सरांना चहा उभ्यानेच आवडतोय.

जयवंत सर : मयूर, तू प्लेटा पूस. रविवारी जिल्हा स्पर्धा. अख्ख्या लालबागला मी सांगून बसलोय, आमची पोरगी शंभर किलो डोक्यावर घेणार. आणि ही आज म्हणते...

संघमित्रा : घेणार नाही. स्पष्ट म्हणते.

जयवंत सर : अगं, आपल्याकडे कंबर हा शब्द मोठ्याने काढायची पद्धत नाही. धरली तर गुपचूप मारुतीच्या कानात सांगायचं आणि बारपाशी यायचं. आमच्या वस्तादांनी हेच केलं, मी हेच केलं.

संघमित्रा : आमच्या घरी मारुतीला सांगत नाहीत. मी परळच्या डॉक्टरांना सांगितलं.

जयवंत सर : ते विश्रांती म्हणाले असणार. दुसरं येतं काय त्यांना?

संघमित्रा : सोनोग्राफी दाखवली. मणक्याला लागून दोन्हीकडे स्नायू असतात. माझा डावा एकटा राबतोय, उजवा संपावर गेलाय.

जयवंत सर : संपाचं नाव नको. आमच्या घरात अजून कोणी काढत नाही.

संघमित्रा : मी काढते. गिरणी बंद पडली तशी पाठ बंद पाडून घ्यायची नाहीये मला.

जयवंत सर : अगं, मारुतीने अख्खा द्रोणागिरी उचलला! कंबरेचं नाव तरी काढलं का?

संघमित्रा : त्याला एकच अटेम्प्ट होता, सर. आम्हाला स्नॅचचे तीन, वर क्लीन अँड जर्कचे तीन.

मयूर : आणि रोजचं ट्रेनिंग वेगळं.

जयवंत सर : तू कोणाच्या बाजूने आहेस रे?

मयूर : माझीपण दुखते, सर. गणपतीपासून.

जयवंत सर : मग मारुतीला नाही सांगितलंस?

मयूर : गेलो होतो. पुढे रांग होती. सगळी आपलीच पोरं.

(सर चहाचा ग्लास खिडकीत ठेवतात.)

जयवंत सर : पोरी, हातचं पदक जाईल गं.

संघमित्रा : जाऊ दे. मला अजून पुष्कळ वर्षं उचलायचंय. तुमच्यासारखं नुसतं दुसऱ्यांना ओरडायचं नाहीये.

जयवंत सर : लागलं हं.

संघमित्रा : लागावं म्हणूनच बोलले.

जयवंत सर : बरं, शंभर राहू दे. साठ?

संघमित्रा : नाही.

जयवंत सर : चाळीस?

संघमित्रा : हिंदमाताच्या बाजारात साडी घेताय का, सर? नाही म्हणजे नाही.

जयवंत सर : नुसता रिकामा बार?

संघमित्रा : रिकामा बार उचलून काय मिळणार?

जयवंत सर : गोल्ड. तुझ्या वजनगटात तू एकटीच आहेस.