फणसाखालचा निळा ठिपका

मंडळी, आधी मोजा! आंबेगाळ गावात दगडांवर रंगाचे ठिपके होते वीस. तांबडे अकरा, निळे नऊ. आणि त्यांतले घासून पुसलेले? – सहा!

कशाचे ठिपके? सांगतो. पण आधी एक प्रश्न. शर्यतीत पुढं जायचं, तर आपण जोरात धावावं, की दुसऱ्याच्या वाटेवरचा दिवा विझवावा? नाही, लगेच माना डोलवू नका! ऐका.

आंबेगाळ डोंगराच्या कुशीत. डोंगर आडवा, म्हणून मोबाइलची रेंज अशी, की या दगडावर आहे आणि हातभर सरकलात की गेली! गावात सिमकार्ड विकणारे दोघे. विश्राम गावस एका कंपनीचा, इनास फर्नांडिस दुसरीचा. बाजारात समोरासमोर छत्र्या. यानं दीड जीबी म्हटलं की तो ओरडे, "दोन जीबी!" नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ना? मग काय! अर्ध्या गावानं तीनदा तीनदा बदलली. सासरी-माहेरी कुणी इतक्या खेपा घालत नाही!

त्यात वाईट काही नव्हतं हो. दोघं धावले, म्हणून गावाला फोन स्वस्त झाला. जिथं आपली रेंज मिळेल त्या दगडावर विश्राम तांबडा ठिपका लावी, इनास निळा. पण एका दुपारी विश्रामच्या मनात आलं – निळा ठिपका दिसलाच नाही तर? घेतलं नारळाचं सोडण, म्हणजे वरची खरखरीत साल, आणि घासला! चार दिवसांत चार ठिपके. चौथा, जानकीकाकूंच्या घरामागचा, फणसाखालचा.

दुसऱ्याच दिवशी काकूंच्या लेकीचं, रत्नाचं, मस्कतला ऑपरेशन. पोटातली गाठ काढायची. रत्ना स्वतः नर्स, पण आज खाटेवर तीच! दहाला आत नेणार. मस्कतचं घड्याळ आपल्या दीड तास मागं, म्हणजे इथले साडेअकरा. त्याआधी तिला आईला बघायचं होतं. इंटरनेटवरून फोन – तोंड दिसणारा!

अकरा वाजून दहा मिनिटं. फोन वाजला. रत्नाचं कपाळ दिसलं... आणि चित्र थिजलं! सिम विश्रामचं. निरोप मिळताच तो धावत आला. अंगणातला तांबडा ठिपका – दिसेना. पायरीवरचा – तोही दिसेना. काकूंचे गुडघे धरलेले, लांब नेता येईना.

"काकी, जरा थांब, आमच्या कंपनीचा..."

"रे विश्रामा, माका कंपनी नको! माका माझ्या चेडवाचा तोंड बघूचा आसा!" आणि काकूंनी कुंपणावरून शेजारच्या घराकडं हाक मारली, "इनासा, ये रे!"

इनास आला. आपला फोन उंच धरून फणसाखाली गेला. तिथं दगड सतरा! "हंय माझो ठिपको होतो. खंय गेलो? कोणी पुसल्यान?"

अकरा एकवीस. इनास एकेका दगडावर फोन ठेवतोय. विश्रामला दगड ठाऊक. त्यानंच तर घासलेला! मंडळी, बोलला तर चोर, न बोलला तर...?

काकूंनी डोळे पुसले. विश्राम बघत होता.

"नववो दगड," तो म्हणाला. "शेवाळ निघालेलो. मीच पुसलंय, काल."

इनासनं त्याच्याकडं पाहिलं. आता मारामारी? छे!

"तुझे दोन मी पुसलंय! भांडूक उद्या वेळ आसा. काकीक घेवन ये!"

इनासनं आपला फोन दगडावर ठेवून त्याचं इंटरनेट वाटायला खुलं केलं. काकूंच्या फोननं ते धरलं. फोन विश्रामच्या ग्राहकाचा, लहरी इनासच्या कंपनीच्या – आणि आतून लेकीचा आवाज!

"आये, जेवलंस?"

"तू उपाशी, आणि मी जेवतलंय? घाबरा नको गो बाय, मी हंयच आसंय."

फोन बंद झाला तेव्हा साडेअकराला एक मिनिट कमी होतं.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून सहा ठिपके पुन्हा रंगवले. डबे दोन, पण ब्रश एकच मिळाला. आणि सकाळी? समोरासमोर छत्र्या, "दीड जीबी!" – "दोन जीबी!" शर्यत चालूच!

हसलात? आता जरा माझ्याकडं बघा. शेजाऱ्याचं दुकान, भावाचं शेत, जावेचं कौतुक – दुपारी कुणी बघत नसताना तुम्ही कुठला ठिपका घासलाय? मला नका सांगू. दगड तुम्हाला ठाऊक आहे. रंग घेऊन जा! देव काही लांब नाही, त्याला ऐकू जाईल अशी जागा कुणाच्या तरी परसातच असते. आपण ती पुसू नये, एवढंच. म्हणा – विठ्ठल, विठ्ठल!

आणि रत्ना? दुसऱ्या दिवशी दुपारी फणसाखाली, नवव्या दगडावर, इनासच्याच इंटरनेटवर काकूंचा फोन वाजला. पलीकडं रत्ना स्वतः होती. बोलणं चाललं सहा मिनिटं बारा सेकंद. एकदाही तुटलं नाही.